जिथे ओळंबा चालत नाही

अहमदाबादच्या 'गुफे'त ओळंबा चालत नाही. सेप्ट विद्यापीठाच्या आवारालगत, अर्धीअधिक जमिनीत बुडालेली ही वास्तू बाळकृष्ण दोशींनी मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी बांधली. १९९५मध्ये ती पूर्ण झाली. आत सरळ उभी भिंत नाही आणि सपाट छतही नाही. खांब झाडाच्या बुंध्यांसारखे कललेले आहेत, जमीनसुद्धा लाटेसारखी वरखाली होते. गवंड्याच्या पिशवीतली हत्यारं आठवून पाहावीत. ओळंबा, गुण्या, पाण्याची लेव्हल-नळी, दोरी... सगळ्यांची निष्ठा सरळ रेषेवर. गुफेत शिरताच ती सगळी बिनकामाची ठरतात.

तरीही ती बांधली गेली, आणि बांधली ती बहुतांशी बांधकामाचं कसलंही शिक्षण नसलेल्या आदिवासी मजुरांनी, साध्या हातअवजारांनी. आकाराचं गणित संगणकावर झालं होतं. प्रत्यक्ष काम मात्र लोखंडी जाळी वाकवायची, त्यावर सिमेंटचा गिलावा हातानं दाबत जायचा, असं. फेरोसिमेंटचं ते पातळ कवच स्वतःच्या वाकावरच उभं राहतं. सेंट्रिंगच्या फळ्यांचा साचा आधी ठोकून घ्यावा आणि मग त्यात काँक्रीट ओतावं, हा नेहमीचा क्रम इथे उपयोगाचा नव्हता.

आता प्रश्न असा, की अशी वास्तू नकाशावरून कुणाला समजावून सांगायची कशी? वक्रतेचं समीकरण साइटवर सांगता येत नाही. कासवाची पाठ सांगता येते. गुफेचे घुमट कासवांच्या पाठींसारखे दिसतात. कूर्मावतारानं आपल्या स्वप्नात येऊन ही जागा कशी असावी ते सांगितलं, अशी गोष्ट दोशी स्वतः सांगत. चिकित्सक वाचक इथे भुवई उंचावेल, आणि ते योग्यच आहे. स्वप्न खरंच पडलं होतं का, हे ठरवायला कुठलाच पुरावा नाही. पण त्या गोष्टीकडे निराळ्या नजरेनंही पाहता येतं. तिच्यामुळे संगणकातला आकार, चित्रकाराची मागणी आणि जाळी वाकवणारा हात हे तिघं एका भाषेत बोलू शकतात. जाळी थोडी कमी वाकली की जास्त, याचा निवाडा फूटपट्टी करू शकत नाही. कासव कधी पाहिलेला कुणीही करू शकतो.

गोष्ट सांगणं हा वास्तुरचनेत वरून लावायचा मुलामा नसून कामाचं हत्यार आहे, थापीसारखं, असं इथे म्हणायचं आहे. आणि नेतृत्व म्हणून जे शिकावं लागतं, ते बव्हंशी या हत्याराचा दांडा दुसऱ्याच्या हातात कधी द्यायचा, एवढंच असतं. वास्तुकार मोठा होत जातो तो नवनवे आकार सुचल्यानं, असा एक समज आहे. दोशींचं जवळजवळ सत्तर वर्षांचं काम पाहिलं तर वेगळंच दिसतं. आकार त्यांना तरुणपणीही सुचत होते. वाढत गेली ती त्यांच्या गोष्टीत बोलणाऱ्या माणसांची संख्या.

दोशी पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ला जन्म, घरी दोन पिढ्यांचा फर्निचरचा व्यवसाय, एकत्र कुटुंब. लहानपणीच्या घराबद्दल ते पुढे वारंवार बोलले. माणसं वाढली तसं ते घर वाढत गेलं, खोलीला खोली आणि मजल्यावर मजला चढत गेला. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये हे दृश्य नवलाचं नव्हतं. भाऊ वेगळा झाला की माडीवर चूल मांडायची, मुलाचं लग्न ठरलं की गच्चीवर पत्रे टाकायचे, हा महाराष्ट्रातल्या घराघरांचा अलिखित बांधकाम नियम. नवल एवढंच, की मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून पुढे पॅरिसला गेलेल्या माणसानं हे घर विसरायचं नाकारलं.

पॅरिसमध्ये गुरू होते ल कॉर्बुझिए. १९५१मध्ये दोशी तिथे पोचले तेव्हा फ्रेंच येत नव्हतं, आणि पहिले आठ महिने पगारही नव्हता. तिथे त्यांनी काय पाहिलं? एक माणूस रेघ ओढतो आणि बाकीचे ती पक्की करतात. कॉर्बुझिए हा विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत प्रभावी गोष्टसांग्या वास्तुकार. घर म्हणजे राहण्याचं यंत्र, शहर म्हणजे बागेत उभे राहिलेले मनोरे, या त्याच्या गोष्टींनी अर्ध्या जगाचे नकाशे बदलले. पण ती गोष्ट त्याची एकट्याची होती. ऐकणाऱ्यानं ऐकायची, मध्ये बोलायचं नाही.

१९५४मध्ये दोशी परतले आणि अहमदाबादेत कॉर्बुझिएच्या कामांवर देखरेख करू लागले. साराभाई आणि शोधन यांची घरं, गिरणीमालक संघाची इमारत, ही ती कामं. गुरू वर्षातून जेमतेम दोनदा भारतात येणार, त्यात त्यानं आखलेल्या चंडीगडचा वाटा मोठा. मधल्या काळात साइटवर उभा राहणार पंचविशी ओलांडलेला दोशी. एका बाजूला मीटरमध्ये आखलेली, फ्रेंचमध्ये टिपा लिहिलेली ड्रॉइंगं. दुसऱ्या बाजूला भारतीय विटा, सुतार, गवंडी आणि आपल्या घराबद्दल ठाम मतं असलेले गिरणीमालक. या फटीत उभं राहणं हेच त्यांचं पहिलं नेतृत्वाचं शिक्षण. दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. शिवाय कुठला शब्द भाषांतरात मरणार आहे, हेही आधी ओळखावं लागतं.

पुढचा धडा अधिक अवघड. १९६०च्या सुमारास अहमदाबादेत आयआयएमची उभारणी ठरत होती. पाठीशी विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई. काम दोशींकडे चालून आलं होतं. त्यांनी अमेरिकन वास्तुकार लुई कान यांचं नाव सुचवलं आणि स्वतः सहकारी म्हणून मागे राहिले. पस्तिशीही न गाठलेल्या वास्तुकारानं आयुष्यात एकदाच येणारं काम दुसऱ्याच्या हाती द्यावं, हे या व्यवसायात आजही ऐकिवात नाही. याला कुणी विनय म्हणेल, पण त्यात हिशेबही असावा. कान यांच्याबरोबर काम करणं म्हणजे दुसऱ्या, अगदी निराळ्या गुरूची शाळा घरबसल्या मिळणं. कॉर्बुझिए सांगत असे. कान विचारत असत. वीट, प्रकाश, शाळा यांना काय व्हायचं आहे, असे प्रश्न. १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचा मृत्यू झाला. तोवर हा प्रश्न विचारायचा ढंग दोशींच्या अंगी पुरता मुरला होता.

आयआयएमच्याच काळात, १९६२मध्ये, त्यांनी अहमदाबादेत वास्तुशास्त्राची शाळा सुरू केली. तीच पुढे सेप्ट झाली. वर्ग, कार्यालय, कँटीन यांना वेगळं पाडणारी दारं तिच्या इमारतीत शोधावीच लागतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चौथ्या वर्षाच्या ज्युरीत सहज डोकावू शकतो. १९८०च्या सुमारास बांधलेल्या 'संगाथ' या स्वतःच्या कार्यालयातही तोच स्वभाव दिसतो. संगाथ म्हणजे सोबत चालणं. अर्धे जमिनीत उतरलेले कमानदार घुमट, त्यांवर फुटक्या चिनी मातीच्या फरशांचे पांढरे तुकडे, पावसाचं पाणी नाचत खाली आणणारे पन्हळ आणि पुढ्यात बसायला पायऱ्या. ऑफिसच्या मालकाची केबिन कुठे आहे, हे पाहुण्याला पटकन कळत नाही. भारतातल्या कुठल्याही आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन पाहावं, ती केबिन सहसा दारातूनच कळते.

पण खरी कसोटी लागली ती इंदूरला.

इंदूर विकास प्राधिकरणाला शहराच्या कडेला गरिबांसाठी वस्ती हवी होती. दोशींच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठाननं १९८०च्या दशकात आधी शहरातल्या झोपडपट्ट्या पाहिल्या. माणसं ओटा कुठे करतात, सायकल कुठे लावतात, बाईला गल्लीतली वर्दळ दिसत राहावी म्हणून चूल दारापाशी येते की आत राहते, मंदिराची जागा कशी ठरते. मग 'अरण्य' आखलं गेलं. सुमारे साडेसहा हजार भूखंड. त्यांतले ६५ टक्के सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, आणि सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. या कुटुंबांना पूर्ण घर मिळालं नाही. मिळाला जोता, संडास-मोरीचा गाभा, पाणी, गटार, कुठे एक खोली. बाकीचं तुम्ही बांधा. नमुना म्हणून दोशींच्या कार्यालयानं ८० घरं बांधून दाखवली. बाहेरून जाणारे जिने, पुढे आलेले सज्जे, दारापुढे ओटे. एखाद्याला निळा रंग हवा, एखाद्याला जाळीची वीट. नमुना पाहून हवं ते उचलावं, नको ते सोडावं.

ही ८० घरं म्हणजे गोष्टीची पहिली ओळ. तुम्हाला असं सुरू करता येईल, एवढंच ती सांगतात. पेठेतलं वाढत गेलेलं घर इथे एका शहराएवढं झालं. त्या बदल्यात वास्तुकाराला आपल्या ड्रॉइंगवरचा हक्क सोडावा लागला. दहा वर्षांनी अरण्य कसं दिसेल, हे दोशींनाही सांगता आलं नसतं. १९९५मध्ये या प्रकल्पाला आगाखान पुरस्कार मिळाला. तेव्हा त्याचं दर्शनी रूप ठरवणाऱ्यांत वस्तीतले लोक होते, आणि त्यांतल्या कुणाकडेच वास्तुकलेची पदवी नव्हती.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो गुळमुळीत नसावा. सरकारकडे पूर्ण घर द्यायला पैसे नाहीत, म्हणून अर्धं द्यायचं आणि वर 'तुमची गोष्ट तुम्ही पूर्ण करा' असं गोडसं म्हणायचं. ही गरिबीला दिलेली काव्यात्म सफाई नव्हे काय? दोशी-भक्त हा प्रश्न टाळतात. उत्तर अरण्यच्या जमिनीखाली सापडतं. जे काम कुटुंबाला कधीच एकट्यानं करता आलं नसतं, म्हणजे सांडपाण्याची वाट, पाण्याची जोडणी, पक्का जोता, कायदेशीर भूखंड आणि रुंदीचा विचार केलेला रस्ता, ते इथे आधी करून दिलं होतं. मोठे भूखंड नफ्यानं विकून त्या पैशातून लहान भूखंडांचा खर्च हलका केला होता. म्हणजे गोष्ट मोकळी सोडली, पण व्याकरण पक्कं बांधून दिलं. जिथे व्याकरणही लोकांवरच सोपवलं जातं, तिथे सहभाग हा शब्द अंग काढून घेण्यासाठी वापरला जातो. पुनर्वसनाच्या कित्येक योजनांत हे रोज घडतं, आणि त्याला नेतृत्व म्हणवत नाही.

दोशींची उदाहरणं पाहून वाटेल, की चांगली वास्तू म्हणजे मोकळी, कुणीही भर घालावी अशीच. तसं नाही. पुण्यातच नेमकं उलट उदाहरण आहे.

पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. १९८८मध्ये स्थापना, जयंत नारळीकर संस्थापक संचालक, चार्ल्स कोरिया वास्तुकार. इथली गोष्ट बरीचशी आधीच लिहिलेली आहे. प्रवेशाशी भिंती काळ्या होत जातात. खाली इथल्याच खाणीचा काळा कातळ, त्यावर कडप्पा आणि त्याही वर घोटलेला काळा ग्रॅनाइट, इतका चकचकीत की त्यात आकाश दिसतं. भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं, हे दुपारच्या उन्हात क्षणभर कळत नाही. मधल्या कुंडाकडे नजर ओढली जाते, कृष्णविवराकडे जावी तशी. भोवती चार पुतळे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. एका घुमटाखाली फुकोचा लंबक पृथ्वी फिरते आहे याची खात्री देत डुलतो. फरशीतसुद्धा भूमिती आहे. राहण्याच्या घरांच्या समूहांना नावं आकाशगंगा, नालंदा, तक्षशिला अशी.

ही मोकळी गोष्ट नाही. इथे कुणी भिंतीला ओटा जोडणार नाही. तरी ती जिवंत राहिली, कारण ती एकट्या वास्तुकाराची नव्हती. नारळीकर स्वतः गोष्ट सांगणारा माणूस. विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ ग्राहक म्हणून समोर बसला, की वास्तुकाराला प्रतीकं आयत्या कागदावरून उचलता येत नाहीत. प्रत्येक प्रतीक विज्ञानाच्या कसोटीवर उतरावं लागतं. गोष्टीचा संपादक समोरच बसलेला असतो. दोशींना सोबती सापडले मजुरांत आणि रहिवाशांत, कोरियांना सापडला टेबलापलीकडे. कोरियांच्याच पणजीतल्या कला अकादमीतही हेच झालं. तिथल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी जुन्या थिएटरच्या सज्ज्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. नाटक सुरू होण्याआधीच खुर्चीतला प्रेक्षक दुसऱ्या प्रेक्षकांत जाऊन बसतो.

कोरियांनी मोकळी गोष्टही सांगून पाहिली होती, बेलापूरच्या कलाकार ग्रामात. आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरं, अशा अंगणांचे गट, मग त्या गटांचे मोठे गट. दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता वाढता यावं. लोक खरोखर वाढले. अनेक घरं पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले उभे राहिले, कौलं गेली, टाइल्स आल्या. वास्तुकलेच्या सहली तिथे जातात तेव्हा विद्यार्थी हिरमुसतात, कारण पुस्तकातलं छायाचित्र सापडत नाही. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. कोरियांची गोष्ट घरांत नव्हतीच. ती घरांमधल्या मोकळ्या जागेत होती. हे ज्याला उमगलं, तो वास्तुकार म्हणून एक पायरी चढला असं समजावं.

आता आजच्या कॉलेजांकडे वळावं. ज्युरीचा दिवस. मुलं रात्रभर जागलेली, प्लॉटरवरचे शीट अजून गरम. परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला, 'कॉन्सेप्ट काय?' आणि उत्तरं तितकीच ठरलेली: वाहती नदी, उमलणारं कमळ, माणसाचा श्वास. नदीचा आकार प्लॅनवर ठेवला म्हणून इमारतीत वारा वाहील असं होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी गुण मिळतात. गोष्ट इथे हत्यार न राहता प्रवेशपत्र होते. पुढे तीच सवय ऑफिसात जाते. मग बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हिंजवडीच्या टॉवरला इटलीतल्या खेड्याचं नाव मिळतं आणि वॉकथ्रूच्या व्हिडिओत पाऊस कधीच पडत नाही. पुण्यात पाऊस न दाखवणारा वॉकथ्रू ज्याला खोटा वाटत नाही, त्यानं वास्तुकार होऊ नये, असं म्हणण्याचा मोह होतो.

नेतृत्वाचंही असंच. कार्यशाळांतून आता ते शिकवलं जातं, संवादकौशल्य, टीम बांधणी, दृष्टी. वाईट काही नाही. पण साइटवर स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी सात वाजता सळईचा कामगार म्हणतो, 'साहेब, हे असं बसणार नाही.' त्या क्षणी वास्तुकार काय करतो, यात त्याचं सगळं शिक्षण दिसतं. ड्रॉइंग दाखवून 'असंच करा' म्हणणं सोपं असतं. 'मग कसं बसेल?' असं विचारायला वीस वर्षांचा अनुभव लागतो. एवढ्यानंतरही कित्येकांना ते जमत नाही.

एका गोष्टीत मात्र दोशींचा काळही निर्दोष नव्हता आणि आपलाही नाही. गोष्ट अनेकांनी मिळून सांगितली, तरी मुखपृष्ठावर नाव एकच. २०१८मध्ये दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२२मध्ये ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेचं सुवर्णपदकही आलं. पुढच्या वर्षी, २४ जानेवारी २०२३ला, त्यांचं अहमदाबादेत निधन झालं. या सगळ्याच्या बातम्यांत गुफेचं छायाचित्र हमखास असे. घुमटांवर फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी घडवलेला काळा-पांढरा नाग आणि त्याखाली हुसेन यांचं नाव, दोशींचं नाव.

गुफेच्या घुमटांना गोल झरोके आहेत. दुपारी त्यांतून आलेली उन्हाची चकती जमिनीच्या लाटेवरून हळूहळू सरकते, मग हुसेनच्या घोड्यावरून आणि मग कललेल्या खांबावर चढते. तिथे तिरप्या उजेडात गिलाव्याची चढउतार दिसू लागते. कुठे हात जोरात दाबला गेला, कुठे हलका, कुठे कुणी थांबून पुन्हा सुरुवात केली. ते हात कुणाचे, हे तिथे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही.